उडी मारू की नको? आधी पाठीचं बोलू

पत्र

माझं वय 44. नोकरी करते. ऑफिसातल्या आम्ही पाच जणींनी येत्या सुट्टीत टँडम स्कायडाइव्ह, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन विमानातून पॅराशूटची उडी, करायचं ठरवलं. सगळ्यात आधी ‘हो’ म्हणणारी मीच. आता ॲडव्हान्स भरायची मुदत जवळ आली आहे आणि माझी झोप उडाली आहे. मध्यंतरी एका अपघाताचा व्हिडिओ पाहिला, तेव्हापासून ‘पॅराशूट उघडलंच नाही तर?’ हे डोक्यातून जात नाही. मला तर गच्चीच्या कठड्यापाशीही उभं राहवत नाही. मुलगी 17 वर्षांची आहे, मुलगा 12 चा. नवरा ‘तुझा निर्णय’ म्हणतो, पण चेहरा वेगळंच सांगतो. सासूबाईंच्या तर कानावरही घातलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी स्लिप डिस्कचा त्रास झाला होता, आता तसं काही नाही. पदरात मुलं असताना असला धोका पत्करणं हा स्वार्थ आहे का? आणि एवढं सगळं असूनही मला ही उडी मारायची आहे, हेही खरंच. करू की नको, एका शब्दात सांगा.

– कुंपणावर बसलेली

उत्तर

प्रिय ‘कुंपणावर बसलेली’,

एकाच शब्दात हवं असेल तर: थांबा. ‘नको’ म्हणत नाहीये मी. पण ॲडव्हान्स इतक्यात भरू नका. त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे आणि तुम्ही ते अर्ध्या वाक्यात उरकून टाकलंय. पॅराशूट उघडेल की नाही या विचारात तुम्ही रात्री जागून काढताय, आणि स्लिप डिस्क मात्र ‘आता तसं काही नाही’ म्हणून निकालात काढलीत. मी तुमच्या जागी असते तर माझी काळजी नेमकी उलटी असती.

तरी आधी पॅराशूटचं बोलून घेऊ. ती धास्ती थोडी उतरल्याशिवाय बाकीचं तुमच्या कानात शिरणार नाही.

टँडममध्ये तुम्ही प्रशिक्षकाच्या पुढ्यात असता, चार ठिकाणी अडकवलेल्या: दोन खांद्यांशी, दोन कमरेशी. पॅराशूट त्याच्या पाठीवर, एक मुख्य आणि एक राखीव. विमानातून बाहेर पडायचं ते बहुतेक ठिकाणी 10,000 ते 13,000 फुटांवरून. बाहेर पडल्यावर काही सेकंदांत प्रशिक्षक एक छोटं पॅराशूट सोडतो, त्याला ड्रोग म्हणतात. दोन माणसांचं वजन एकत्र पडत असल्यामुळे ड्रोग नसेल तर वेग ताशी 300 किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो. ड्रोग तो 200 च्या आत-बाहेर रोखून धरतो. अर्धा-पाऊण मिनिट असं पडायचं आणि 5,000 फुटांच्या जरा वर मुख्य पॅराशूट उघडायचं. एकट्याने उड्या मारणारे अनुभवी लोक याहून बरेच खाली येऊन उघडतात. टँडममध्ये मुद्दाम वर उघडतात, काही बिघडलंच तर निस्तरायला वेळ हाताशी असावा म्हणून.

आणि बिघडतं कधी कधी, ते लपवण्यात अर्थ नाही. दोऱ्या गुंतल्या, कापड नीट फुललं नाही, तर मुख्य पॅराशूट सोडून द्यायचं आणि राखीव उघडायचं, हे टँडम प्रशिक्षकाने घोटून घेतलेलं असतं. त्यासाठी खांद्यापाशी एकात एक अडकवलेल्या तीन कड्या असतात. एक हँडल ओढलं की त्या सुटतात आणि बिघडलेलं पॅराशूट निघून जातं. ही युक्ती बिल बूथ या अमेरिकन माणसाने 1970 च्या दशकात काढली. पुढे टँडमची साधनं तयार करणाऱ्या पहिल्या काही लोकांतही तो होता. राखीव पॅराशूटची घडी वाटेल त्याने घालायची नसते, त्यासाठी परवानाधारक माणूस लागतो. अमेरिकेत तर 180 दिवसांच्या आत ते पुन्हा उघडून, तपासून, नव्याने घडी घातलेलं असावं लागतं, मधल्या काळात एकदाही वापरलेलं नसलं तरी.

प्रशिक्षकच वर बेशुद्ध पडला तर? (हे तुम्ही विचारलं नाहीत, पण रात्री दोनला मनात येऊन गेलं असणार.) त्यासाठी पाठीवरच्या त्या पिशवीत एक छोटं यंत्र बसवलेलं असतं. हवेच्या दाबावरून ते उंची आणि वेग मोजत राहतं. साधारण 2,000 फुटांच्या आसपास आल्यावरही पडण्याचा वेग कमी झालेला नसेल, तर कोणी काही ओढायची वाट न बघता राखीव पॅराशूट मोकळं करतं.

आता आकडे. अमेरिकेतली पॅराशूट असोसिएशन दरवर्षी हिशेब मांडते. 2023 मध्ये तिथे सुमारे 36.5 लाख उड्या झाल्या आणि 10 जण दगावले. यात टँडम आणि एकट्याच्या, नवख्यांच्या आणि मुरलेल्यांच्या, सगळ्या उड्या आल्या. या खेळातले बरेच मृत्यू उत्तम उघडलेल्या पॅराशूटखाली होतात, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. अनुभवी माणूस छोटं, वेगवान पॅराशूट घेऊन जमिनीलगत जोरात वळण घेतो आणि अंदाज चुकतो. टँडमच्या प्रवाशाच्या वाट्याला हा प्रकार सहसा येत नाही. नुसत्या टँडमचा हिशेब त्याच संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे दहा वर्षांच्या सरासरीत पाच लाख उड्यांमागे एक प्रवासी, असा पडतो.

म्हणजे दहा लाखांत दोन. जिवाला असलेल्या दहा लाखांत एक इतक्या धोक्याला ‘मायक्रोमॉर्ट’ हे नाव स्टॅनफर्डच्या रोनाल्ड हॉवर्ड यांनी दिलं. त्या मापाने तुमची उडी दोन मायक्रोमॉर्टची. धोका लहान आहे, शून्य मात्र नाही. ‘रस्त्यावर गाडी चालवण्यापेक्षाही सुरक्षित’ वगैरे जाहिरातीतली वाक्यं मला आवडत नाहीत. गाडी आपण वर्षभर रोज चालवतो, गरज असते म्हणून. ही उडी हौसेची, आणि तिचा सगळा धोका एका सकाळीत कोंबलेला. दोन्हींची तुलना करून तुम्हाला गप्प बसवता येईल, निर्णय काही घेता येणार नाही.

शिवाय हा आकडा पॅराशूटचा नाहीच, तो सगळ्या व्यवस्थेचा आहे. तपासणी, परवाने, प्रशिक्षण, वारा बघून थांबण्याची शिस्त, हे सगळं जिथे पाळलं जातं तिथे तो आकडा निघतो. जिथे पाळलं जात नाही तिथे तो तुमच्या काही कामाचा नाही. कॅलिफोर्नियात लोडाय इथे 2016 साली टँडममध्ये प्रशिक्षक आणि 18 वर्षांचा एक मुलगा असे दोघेही गेले. प्रशिक्षकाकडे टँडमची रीतसर पात्रताच नव्हती, हे नंतर उघड झालं. आकडा ज्या देशातून आला त्याच देशातली ही गोष्ट. तुम्ही पाहिलेला व्हिडिओ कुठला होता, त्यात काय चुकलं होतं, हे तुम्ही लिहिलं नाहीत. बहुधा व्हिडिओतही सांगितलं नसेल. असले व्हिडिओ पडणं दाखवतात, पडण्याआधी कोणी कोणत्या पायऱ्या गाळल्या ते दाखवत नाहीत. बंद करा ते बघणं.

आता पाठीकडे येते.

वरचा सगळा हिशेब मृत्यूंचा आहे. त्यात मुरगळलेला घोटा नाही, मोडलेलं हाड नाही आणि पुन्हा उसळलेली डिस्कही नाही. टँडममध्ये दुखापती होतात त्या मुख्यतः उतरताना, आणि तुमच्यासारख्यांना दोन क्षण महत्त्वाचे आहेत.

पहिला, पॅराशूट उघडतं तो. ताशी 200 च्या वेगाने पडणारं शरीर काही सेकंदांत त्याच्या एका छोट्या हिश्शावर येतं. पॅराशूट हळूहळू फुलावं अशीच त्याची रचना असते आणि बहुतेक वेळा एक मोठा, सहन होणारा ओढा जाणवतो. पण कधीमधी ते झटक्यात उघडतं. कोणत्या दिवशी तसं होईल हे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तो हिसका मांड्यांच्या आणि खांद्यांच्या पट्ट्यांतून तुमच्या मणक्यापर्यंत जातो.

दुसरा, जमिनीला टेकण्याचा. व्हिडिओत जोडी चालत चालत अलगद उतरताना दिसते, ती छान वाऱ्याची कमाल. एरवी प्रवाशाला सांगतात की गुडघे सरळ ठेवून दोन्ही पाय समोर उचला आणि बुडावर घसरत उतरा. पाय खाली राहिले तर आधी तुमचे पाय जमिनीत रुततात आणि मागून प्रशिक्षकाचं वजन येतं, घोटे जातात ते असे. म्हणजे तुमचे पाय वाचवण्याची जी रीत आहे, तीच तुमच्या कमरेला न मानवणारी आहे: कमरेतून वाकलेलं शरीर, पाय सरळ, आणि त्याच स्थितीत खालून दणका. तो दणका बहुतेकांना कळतसुद्धा नाही. ज्यांची डिस्क एकदा त्रास देऊन गेली आहे, त्यांना तो किती कळेल हे मी सांगू शकत नाही आणि तुमच्या मैत्रिणीही सांगू शकत नाहीत.

म्हणून आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा, ज्यांनी तेव्हा तुम्हाला तपासलं त्यांच्याकडेच गेलात तर उत्तम. जुना एमआरआय सोबत न्या. मात्र ‘स्कायडायव्हिंग केलं तर चालेल का?’ एवढंच विचारून परत येऊ नका. हे ऐकून काही डॉक्टर हात झटकतात, काही ‘करा की, मजा करा’ म्हणतात, आणि दोन्ही उत्तरांत तुमच्या पाठीचा विचार झालेला नसतो. त्यांना नेमकं सांगा: अचानक वर ओढणारा हिसका, मग पाचेक मिनिटं पट्ट्यांवर लोंबकळत बसणं, आणि शेवटी पाय समोर सरळ धरून बुडावर आदळणं. हे तिन्ही माझी पाठ सोसेल का? पाय धरून ठेवण्याचा सराव कसा करू, तेही तिथेच विचारा. उडीच्या आधी काही ठिकाणी जमिनीवरच बसवून पाय उचलून दाखवायला लावतात. तेव्हा कळ आली तर दुसऱ्या कोणाला विचारायची गरजच नाही.

आणि उडीच्या ठिकाणच्या फॉर्मवर ‘पाठीचा त्रास आहे का’ या रकान्यात ‘नाही’ लिहून मोकळ्या होऊ नका. मैत्रिणी रांगेत उभ्या असताना तो मोह फार होतो.

तब्येतीचं बाकी थोडक्यात. सर्दी किंवा सायनस भरलेला असेल त्या दिवशी जाऊ नका, इतक्या वेगाने खाली येताना कान फार दुखतात. स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर निदान 24 तास जाऊ द्या. वजनाची मर्यादा आधीच विचारा आणि खरं वजन सांगा, पट्टे त्यावर बसतात. उपाशीही जाऊ नका आणि तट्ट जेवूनही नको.

कठड्याच्या भीतीला तुम्ही देताय तितकं महत्त्व मी देणार नाही. कठड्यापाशी डोळ्यांना पायाखालची कड दिसते, खालची जमीन जवळ दिसते, आणि तोल जाईल असं वाटतं. 12,000 फुटांवर खाली नुसता नकाशा दिसतो. गच्चीवर घाम फुटणाऱ्या अनेकांना तिथे ते गरगरणं जाणवलेलंच नसतं. पोटात गोळा येईल ही भीतीही अनेकींना असते. विमान मुळातच वेगात पुढे जात असतं, त्यामुळे पाळण्यातून खाली येतानासारखी पोकळी बहुतेकांना फारशी जाणवत नाही. जाणवतो तो वारा, त्याचा प्रचंड आवाज, आणि थंडी, कारण तिथली हवा जमिनीपेक्षा पंचवीसेक अंशांनी थंड असू शकते. विमानाच्या दाराशी बसण्याचे ते काही क्षण मात्र वाईटच असतात, ते मी गोड करून सांगणार नाही. पॅराशूट उघडल्यावर प्रशिक्षक कौतुकाने गिरक्या मारून दाखवतात, त्याने मळमळतं. नको असतील तर आधीच सांगा.

मुलांचा प्रश्न तुम्ही ‘स्वार्थ आहे का’ असा घातलात. थोडा स्वार्थ आहेच. स्वतःसाठी काही करण्यात तो असतो, आणि 44 व्या वर्षी आईने स्वतःसाठी काही मागितलं म्हणून मुलांचं काही बिघडत नाही. दहा लाखांत दोन हा धोका आई असलेल्या बाईने घेऊच नये असं मी म्हणणार नाही. पण आई असलेल्या बाईने विम्याची पॉलिसी काढून वाचावी, असं जरूर म्हणेन. साहसी खेळांत काही झालं तर पैसे मिळणार नाहीत, असं कलम पुष्कळ पॉलिसींत असतं. मुलांची काळजी आधी या कागदात दिसू दे. पाठ धरली आणि दोन महिने अंथरुणाला खिळलात तर घर आणि नोकरी कशी निभेल, हाही विचार त्यातच आला, आणि माझ्या दृष्टीने तो पहिल्यापेक्षा जास्त खरा आहे.

नवऱ्याचा चेहरा वाचत बसू नका, विचारा. ‘तुझा निर्णय’ हे वाक्य बऱ्याचदा ‘मला भीती वाटते, पण अडवलं तर तू आयुष्यभर ऐकवशील’ याऐवजी वापरलं जातं. त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या. तिथे जे ऐकतील त्याने त्यांची भीती वाढेल किंवा घटेल, पण निदान दोघं एकाच गोष्टीला घाबरत असाल. मुलीला सांगा, ती 17 ची आहे, तिला कुठूनतरी कळणारच. सासूबाईंना उडीआधी सांगायचं की जमिनीवर आल्यावर, हे मात्र तुमचं घर तुम्हाला जास्त माहीत.

समजा डॉक्टर हो म्हणाले. मग उडी जिथे मारायची तिथे फोन करून ‘सुरक्षित आहे ना?’ असं विचारू नका, त्याला कोणीच नाही म्हणत नाही. टँडमसाठी प्रशिक्षकाकडे कोणती पात्रता आहे आणि ती कोणी दिली, ते विचारा. अंदाज यावा म्हणून सांगते, अमेरिकेत त्यासाठी किमान तीन वर्षं या खेळात आणि 500 उड्या झालेल्या असाव्या लागतात, शिवाय वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. ते राखीव पॅराशूट सोडणारं यंत्र प्रत्येक टँडमवर आहे का? राखीवची घडी शेवटची कधी घातली? वारा किती झाला की तुम्ही थांबता? या शेवटच्या प्रश्नाला चटकन एक आकडा आला तर बरं. ‘तसं आम्ही बघतो’ असं आलं तर मी दुसरीकडे चौकशी करेन. तुमच्या पाठीचं ऐकूनही ज्यांनी पुढे एक प्रश्न विचारला नाही, त्यांच्याकडेही जाऊ नका. कोणी चिडलं तर चिडू दे.

वाऱ्यामुळे, ढगांमुळे उडी रद्द होते, तासन्‌तास बसवून ठेवतात. पाच जणी, एकच सुट्टी, परतीची तिकिटं काढलेली, या जमवाजमवीची मला जरा धास्ती वाटते. ‘आता आलोच आहोत तर’ हे वाक्य अशाच वेळी निघतं. तारीख बदलून मिळेल का, पैसे परत मिळतील का, हे ॲडव्हान्सआधी लेखी घ्या.

वर गेल्यावरही नाही म्हणता येतं. विमान खाली येतंच, त्यातून तुम्हीही येऊ शकता, आणि चांगला प्रशिक्षक त्यावर हुज्जत घालत नाही. पण हे दारात पोहोचण्याआधी सांगायला हवं. दारात आवाज इतका असतो की शब्द ऐकू जात नाहीत, आणि ऐनवेळी दाराची चौकट किंवा प्रशिक्षकाचा हात गच्च धरणं दोघांनाही घातक. नकाराची खूण काय करायची ते जमिनीवरच ठरवून घ्या. पैसे बुडतील. बुडू देत.

आणि डॉक्टर नको म्हणाले, तर? तर उडी नाही. त्यात घासाघीस करू नका, दुसरा डॉक्टर शोधत हिंडू नका. उभ्या काचेच्या नळीत खालून वारा सोडून माणसाला तरंगवतात, तसे विंड टनेल आता बऱ्याच देशांत आहेत. तिथे तो हिसकाही नाही आणि उतरण्याचा दणकाही नाही. मान आणि खांद्यावर ताण येतो, त्यामुळे तेही विचारूनच, पण डॉक्टरांशी बोलताना दुसरा प्रश्न म्हणून हा खिशात ठेवा.

मैत्रिणींना आज एवढंच कळवा: माझं नाव यादीत राहू द्या, पैसे डॉक्टरांना भेटून आल्यावर देते. मुदत त्याआधी संपत असेल तर चौघींचे भरा. एक जागा नंतर वाढवून घेता येते का ते त्यांनाच विचारायला सांगा, सगळ्यात आधी ‘हो’ म्हणणाऱ्या मैत्रिणीसाठी तेवढा एक फोन त्या करतील.